कोलारचे सुवर्णनगर
बंगळूरच्या किल्ल्यालगत १८९२ साली चामराजपेटची वसाहत आखली गेली, त्या सुमारास पूर्वेस शंभरेक किलोमीटरवर ओसाड माळावर एक निराळेच नगर उभे राहत होते. ते म्हणजे कोलारचे सुवर्णक्षेत्र. शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या या प्रांतात १८८० मध्ये जॉन टेलर कंपनीने खाणी हाती घेतल्या. पाणी बेतमंगलच्या तलावातून आणले. कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावरील वीज १९०२ साली खाणींत पोहोचली; बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ मध्ये.

या वैभवाचा भार वाहिला तो मुख्यतः तमिळ मजुरांनी. वर गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले आणि क्लब. खाली तीन किलोमीटरांहून अधिक खोल, तप्त पाषाणांत मजूर. दाबाखालचा खडक अवचित फुटून प्राण घेई. सव्वाशे वर्षांत सुमारे ८०० टन सोने निघाले. १९५६ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. परंतु धातू विरळ होत गेला, खर्च वाढला आणि २००१ साली खाणी बंद पडल्या. मागे राहिले ते सायनाइडमिश्रित मातीचे ढिगारे आणि मजुरांच्या चाळी. ज्या नगरात बंगळूरच्या आधी वीज आली, तेथील माणसे आज पोटासाठी भल्या पहाटे आगगाडीने बंगळूर गाठतात.