तुडवणारे पाय

मी इतिहासाचा पंडित नाही. नववीत शाळा सुटली. वसई पूर्वेला कापडाच्या कारखान्यात स्टेंटरवर असतो. आम्ही त्याला गिरणीच म्हणतो. स्टेंटर म्हणजे ओलं कापड ताणून गरम हवेत वाळवणारी लांबलचक मशीन. रात्रभर दुसऱ्याचं कापड वाळवायचं आणि सकाळी उमेळ्याला घरी येऊन डोळे मिटेपर्यंत वाचायचं, असं चाललंय.

आमच्या घरात वाळवण पिढ्यान् पिढ्या आहे. आजोबा 1972 च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातून (आता अहिल्यानगर) इकडं आले आणि नायगावच्या मिठागरावर लागले. उन्हात पाणी आटवायचं आणि मीठ ओढायचं. ते सांगायचे, "माझा आजा गांजा तुडवायला जायचा." आम्ही पोरं हसायचो. गांजा ओढतात हे माहीत होतं, पण तुडवतात कसा? आजोबा म्हणायचे, "पायानं, लेका. टाचेला राळेचा काळा थर बसायचा. बाया राखेनं घासून काढायच्या."

पुढं मला इंग्रज सरकारच्या गांजा-भांग कमिशनचा अहवाल मिळाला. मोबाईलवर, बाजूला डिक्शनरी उघडी ठेवून, अडखळत वाचला. 1893 साली कमिशन नेमलं, 1894 ला अहवाल आला. सात खंड. साक्षीदार 1,193. आणि त्यात आजोबांची गोष्ट खरी निघाली. मुंबई इलाख्यात नगर आणि सातारा या भागात गांजा पिकायचा, तोही उघड, सरकारच्या परवान्यानं.

काम कसं चालायचं ते नीट सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. पावसाळ्यात पेरणी. झाडं वाढली की नर झाडं हुडकून उपटायची. एखादा जरी राहिला तरी मादीच्या कळीत बी धरतं आणि मालाची किंमत पडते. बंगालात नवगावला (ते आता बांगलादेशात) हे काम करणाऱ्या जाणत्याला पोद्दार म्हणत, साहेब लोक त्याला गांजाचा डॉक्टर म्हणत. नुसत्या नजरेवर चालणारी ही विद्या, शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाची!

थंडीत कापणी. मोठी पानं खुडून टाकायची, कळ्यांचे तुरे खळ्यावर उन्हात पसरायचे आणि मग माणसांनी त्यावर उभं राहून तुडवायचं. परतायचं, पुन्हा तुडवायचं. असे काही दिवस. राळेनं कळी कळीला चिकटते आणि चपटी लादी होते. न तुडवता वाळवलेली कळी चुरा होऊन जाते, आणि चुऱ्याला भाव कमी. ओल राहिली तर बुरशी. ढीग घातला की आतून तापतो, म्हणून हात घालून बघायचं. बंगालात याचाच दुसरा प्रकार होता, पायाखाली वळून केलेला गोल गांजा. आजचं शास्त्र सांगतं की ताज्या कळीतलं द्रव्य आम्लाच्या रूपात असतं, विस्तवावर गेलं की त्याची नशा होते. तुडवणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. त्याला ऊन आणि ओल ठाऊक होती. मला स्टेंटरवर कापडाचा कोरडेपणा हाताला कळतो, तसंच ते.

आता कमिशनमध्ये कोण बसलं होतं बघा. अध्यक्ष मॅकवर्थ यंग साहेब. हिंदी सभासद तीन : ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कपूरथळ्याचे कुंवर हरनामसिंग, मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद. राजा, कुंवर आणि लाला. 1890 च्या कारखाना कमिशनपुढं गिरणीवाल्यांच्या बाजूनं बोलायला निदान नारायण मेघाजी लोखंडे तरी होते. खळ्यावरच्या पायांसाठी इथं कुणी नव्हतं. सरकार कर घेई सेरावर. सेर भरला कुणाच्या टाचेनं, त्या टाचेला नाव नाही.

तरी कमिशननं एक काम इमानानं केलं, ते मान्य करतो. गांजानं माणसं वेडी होतात अशी बोंब होती. यांनी वेड्यांच्या इस्पितळांची कागदपत्रं उलटून तपासली. तेव्हा उघड झालं की वेडाच्या कारणाचा रकाना भरायचा म्हणून पोलिसांनी 'गांजा' लिहून दिलेलं असायचं. गरीब माणूस भुकेनं वेडा झाला, बायको मेली म्हणून झाला, रकान्यात गांजाच. कमिशननं सांगितलं, माफक सेवनानं म्हणण्यासारखा अपाय होत नाही, बंदी नको. परवाना ठेवा, कर वाढवा. साहेब तो! तिजोरी विसरेल कसा?

बंदी आली ती आपल्या राज्यात, 1985 च्या कायद्यानं. त्यात एक गंमत आहे. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्यात येत नाहीत. म्हणून शिमग्याची भांग केंद्राच्या या कायद्यातून सुटली, आणि आमच्या आज्याच्या आज्यानं तुडवलेली कळी गुन्हा झाली. एक किलोपर्यंतचा गांजा म्हणजे 'अल्प प्रमाण', त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी.

आमच्या आळीतलं एक पोरगं दोन वर्षांमागं एका पुडीपायी धरलं गेलं. मी गांजाची तरफदारी करत नाही, चिलमीनं बसलेली घरं मी पाहिलीत. पण चौकीत त्याचा जबाब लिहिताना मी हजर होतो. नाव, वय, जात विचारून झाली. धंद्याच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून हवालदार थांबला. पोरगं मिठागरावर जात होतं, तेही हंगामापुरतं. हवालदारानं लिहिलं, 'काही नाही'.

मी म्हटलं, "साहेब, मिठागर लिहा."

"तू गप," तो म्हणाला.