गाय कशाने मोजायची? वेचूरच्या गाईचा इतिहास

केरळात कोट्टयम जिल्ह्यात, वेंबनाड सरोवराच्या पूर्व काठावर, वैकमजवळ वेचूर नावाचे गाव आहे. या गावाच्या नावाने ओळखली जाणारी गाय पूर्ण वाढली तरी नव्वद सेंटिमीटरच्या आसपासच उंच होते. वजन सुमारे १३० किलो, दूध दिवसाला दोन-तीन लिटर. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मध्य केरळातल्या नारळी-केळीच्या परसांत ही गाय सर्रास दिसे; १९८० च्या दशकात ती शोधूनही सापडेना. दूध कमी म्हणून लोकांनी ती टाकून दिली, असे याचे कारण सहसा सांगितले जाते. हे कारण अर्धवट आहे असे माझे मत आहे. वेचूर गाय नाहीशी होत गेली ती मुख्यतः तिला लावलेल्या मापामुळे. ‘एका गाईमागे किती लिटर’ हे एकच माप सरकारने मानले आणि कायद्याच्या बळावर गावोगाव लागू केले. चार गुंठ्यांवर राहणाऱ्या कुटुंबाचा हिशेब मात्र त्या मापात कधीच बसत नव्हता.

हा हिशेब समजून घ्यायचा तर आधी त्या मुलखाकडे पाहावे लागते. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जांभ्या जमिनीतली खनिजे तो धुऊन नेतो, त्यामुळे चारा हिरवागार दिसला तरी अंगी लागत नाही. सखल जमीन भाताला आणि उंचवट्याची नारळाला गेलेली. मोकळी कुरणे नाहीतच. जनावराच्या वाट्याला येणार तो भाताचा पेंढा, बांधावरचे गवत, केळीचे खुंट, फणसाचा पाला आणि घरातले पेजेचे पाणी. जनावराला साधारणपणे वजनाच्या अडीच-तीन टक्के सुके खाद्य रोज लागते. म्हणजे १३० किलोच्या गाईला साडेतीन-चार किलो पुरते, तर चारशे किलोच्या गाईला दहा-बारा किलो. खाल्लेल्यातला पहिला वाटा जनावराच्या स्वतःच्या शरीराला जातो आणि उरलेल्याचे दूध होते. शिवाय लहान शरीराला वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्र जास्त मिळते, त्यामुळे दमट उन्हाळ्यात अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. वेचूरचे लहानपण असे त्या हवेशी, त्या चाऱ्याशी आणि त्या घराच्या ऐपतीशी पिढ्यान्‌पिढ्या जुळत आलेले होते.

लहान गाय म्हणजे निकृष्ट गाय, हा विचार मात्र केरळात जन्मला नाही. भारतीय शेतीची पाहणी करण्यासाठी १९२६ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात असे मांडले, की देशात गुरे फार आणि कसदार गुरे थोडी. चारा अपुरा पडतो तसतशी गुरे लहान होतात आणि तीच कामे भागवण्यासाठी त्यांची संख्या वाढत राहते. हे निदान खोटे नव्हते, पण त्यात उपासमारीने खुरटलेले जनावर आणि मूळचेच लहान असलेले जनावर एकाच रांगेत उभे राहिले. पाठोपाठ कायदे आले. मुंबई इलाख्यात १९३३ साली पशुधन सुधारणेचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेत निवडक गावांमधली गुरांची पैदास सुधारण्याची ‘की व्हिलेज’ योजना आली. केरळने १९६१ मध्ये आपला पशुधन सुधारणा कायदा केला: वळू ठेवायचा तर परवाना हवा, परवाना नसलेल्या वळूचे खच्चीकरण. १९६३ साली स्वित्झर्लंडच्या मदतीने मुन्नारजवळच्या माट्टुपेट्टी येथे इंडो-स्विस प्रकल्प सुरू झाला आणि ब्राउन स्विस वळूंचे रक्त गावठी गाईंमध्ये मिसळू लागले. पुढे त्यातूनच ‘सुनंदिनी’ ही संकरित गाय आकाराला आली.

या सगळ्यात निर्णायक ठरला तो वळूंवरचा घाव. गाई मारल्या गेल्या नाहीत, कोणी पळवून नेल्या नाहीत. त्या गोठ्यातच होत्या. पण गावात जातीचा वळू उरला नाही आणि सरकारी केंद्रावर परदेशी जातीच्याच रेतमात्रा मिळू लागल्या, की गाभण राहणाऱ्या प्रत्येक वेचूर गाईच्या पोटी संकरित वासरू येते. त्या वासराची पुढची पिढी आणखी संकरित होते. तीन-चार पिढ्यांत, म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत, मूळ जात गोठ्यातल्या गोठ्यात विरून जाते. कायदा आणि तिचे दुर्मीळ होणे यांतले अंतर नेमके एवढेच आहे. आज केरळातल्या गुरांमध्ये संकरित जनावरांचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे.

याच काळात केरळात दुसरा मोठा बदल घडत होता आणि तो पहिल्याच्या नेमका उलट दिशेने जात होता. १९६३ चा जमीन सुधारणा कायदा १९६९ मध्ये दुरुस्त झाला आणि १ जानेवारी १९७० पासून त्याची खरी अंमलबजावणी सुरू झाली. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या मजुरांना ग्रामपंचायतीच्या हद्दीत दहा सेंट, म्हणजे आपले चार गुंठे, जागेवर हक्क मिळाला. एक खाते माणसाला चार गुंठ्यांचे परसू देत होते आणि दुसरे खाते त्या परसातली गाय तिप्पट मोठी करत होते. लाखो कुटुंबांना पहिल्यांदाच स्वतःच्या मालकीचे अंगण मिळत असताना, त्या अंगणात मावणारी आणि त्या अंगणातल्याच पाल्यावर जगणारी गाय हद्दपार होत होती. दोन्ही धोरणे गरिबांच्याच भल्यासाठी आखलेली होती; पण ती एकमेकांशी बोलली नाहीत, याची किंमत गरिबांनीच मोजली.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप दुधाच्या गरजेचा आहे. केरळची लोकसंख्या दाट होती, दूध फार थोडे होते आणि संकरित गाईंमुळे ते अनेक पटींनी वाढले, हे निर्विवाद आहे. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घालून असंख्य बायकांनी घरे चालवली, मुले शिकवली. हे यश नाकारणे अन्याय ठरेल. महाराष्ट्रातही १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने संकरित पैदाशीतून हजारो घरांत रोकड आणली. पण संकरित गाय आणणे आणि गावठी वळू संपवणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिल्यासाठी दुसरा अपरिहार्य होता असे दाखवणारा पुरावा नाही. ज्याच्याकडे पाणी, चारा आणि जवळ दूध संस्था आहे त्याने संकरित गाय घ्यावी आणि ज्याच्याकडे यांतले काही नाही त्याच्यापुढे वेचूरची वाट खुली राहावी, एवढी मोकळीक ठेवता आली असती.

पशुवैज्ञानिक याहून नेमका आक्षेप घेतात. मोठी, जास्त दुधाची गाय प्रत्येक किलो खाद्यामागे अधिक दूध देते, कारण तिच्या शरीराच्या पोषणाचा खर्च जास्त लिटरांवर वाटला जातो. हे खरे आहे, पण एका अटीवर. खाद्य कसदार असले पाहिजे आणि ते पुरेसे मिळाले पाहिजे. पेंढा आणि तणावर ठेवलेली संकरित गाय आधी दुधाला कमी होते, मग वेळेवर माजावर येत नाही आणि शेवटी भाकड होऊन दावणीला उभी राहते. तिला आंबोण हवे आणि केरळात पशुखाद्याचा कच्चा माल व पेंढा मोठ्या प्रमाणात बाहेरच्या राज्यांतून येतो. गोचिडांमधून पसरणारा थायलेरिया आणि कासदाह हे रोग संकरित गाईंना अधिक छळतात. औषधोपचाराचा तो खर्च लिटरच्या हिशेबात दिसत नाही. आणखी एक साधी गोष्ट आहे. ज्या घरी रोज चार किलोच चारा निघतो, त्या घराला मोठ्या गाईचा तिसरा हिस्सा पाळता येत नाही. तिथे प्रश्न कार्यक्षमतेचा नसून गाय असण्याचा किंवा नसण्याचा असतो. थोडा जास्त चारा असलेल्या घरी दोन लहान गाई आलटून पालटून वितात, वर्षभर घरात दूध राहते आणि एक दगावली तरी गोठा रिकामा होत नाही.

वेचूर लहान राहिली ती केवळ अर्धपोटी ठेवल्यामुळे, हा रॉयल कमिशनच्या वळणाचा आक्षेपही तपासून पाहता येतो, कारण त्याची परीक्षा प्रत्यक्ष झाली आहे. १९८९ मध्ये केरळ कृषी विद्यापीठातील पशुप्रजनन शास्त्राच्या प्राध्यापक डॉ. शोशम्मा आयप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आडगावांत फिरून उरल्यासुरल्या वेचूर गाई शोधल्या आणि सुमारे दोन डझन जनावरे त्रिशूरजवळच्या मण्णुत्ती येथे आणून त्यांची शुद्ध पैदास सुरू केली. सुधारणेच्या धोरणाविरुद्ध जाणारे हे काम सुरुवातीला अनेकांना रुचले नाही. तिथे या गाईंना पोटभर वैरण मिळाली, औषधपाणी मिळाले, पिढ्या गेल्या. तरी गाय नव्वद सेंटिमीटरच्या आसपासच राहिली. म्हणजे लहानपण रक्तातले होते. आणि ते निरोगी होते. आयर्लंडमधल्या छोट्या शेतकऱ्यांची डेक्स्टर गाय हीही जगातल्या नावाजलेल्या बुटक्या जातींपैकी एक. पण तिच्यातल्या आखूड पायांच्या गाईंमध्ये एक सदोष जनुक असतो आणि तो आई-बाप दोघांकडून आला तर वासरू मृतच जन्मते. वेचूरचे सगळे अवयव प्रमाणात आहेत. १९९८ मध्ये या गाईच्या जतनासाठी न्यास स्थापन झाला आणि २०२२ मध्ये डॉ. आयप यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या कामाचे मोल वाटते ते याहून वेगळ्या कारणासाठी: ‘निकृष्ट’ ठरवलेल्या जनावराची त्यांनी शास्त्राच्याच कसोटीवर फेरतपासणी केली.

हा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. जांभा, मुसळधार पाऊस, भाताचा पेंढा आणि तुकड्या-तुकड्यांची जमीन हे सारे कोकणातही आहे, आणि तिथेही याच परिस्थितीने घडवलेली लहान चणीची गाय आहे. भातखाचरातल्या चिखलणीला तिचे हलके बैल सोयीचे पडत. पिढ्यान्‌पिढ्या ती सरकारी कागदांत नुसतीच ‘गावठी’ राहिली. ‘कोकण कपिला’ या नावाने तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद व्हायला २०१८ साल उजाडले. गोव्यातल्या ‘श्वेत कपिला’ची नोंद त्यानंतर २०२० मध्ये झाली. ज्या जातीला नाव नाही तिची मोजदाद होत नाही आणि जिची मोजदाद नाही तिच्यासाठी वळू राखण्याची तरतूदही होत नाही. म्हणून ही नोंद कागदी सोपस्कार समजू नये.

आता धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. आंध्रच्या चित्तूर भागातली पुंगनूर आणि केरळची वेचूर या गाई आज हौसेच्या वस्तू होत आहेत. बंगल्याच्या हिरवळीवर शोभेल अशी, जितकी बुटकी तितकी महाग. त्यांच्या दुधाला चमत्कारी औषधाचे गुण चिकटवले जातात. दुधातली स्निग्धांशाची सूक्ष्म गोलके किंवा प्रथिनांचा प्रकार यांवर संशोधन जरूर व्हावे, पण या गाईंची बाजू असल्या दाव्यांवर उभी करणे घातक आहे. दावा फसला की गायही पडेल. शिवाय केवळ उंची घटवण्यासाठी निवड केली, की जवळच्या नात्यात पैदास होते आणि चिवटपणा हरवतो. लिटरचे माप एकांगी होते, तसेच सेंटिमीटरचे मापही एकांगीच आहे.

म्हणून लहान गाईला वाचवायचे तर तिला तिचे मूळ काम परत मिळाले पाहिजे: थोड्या जमिनीच्या घराला, घरच्याच चाऱ्यावर, दूध आणि शेणखत पुरवण्याचे काम. त्यासाठी कोकणातल्या आणि केरळातल्या कृत्रिम रेतन केंद्रांवर संकरित रेतमात्रांच्या शेजारी स्थानिक जातीच्या मात्रा मिळायला हव्यात, गावागटाला एखादा जातिवंत वळू पोसायला मदत हवी आणि गाईची किंमत ठरवताना लिटरबरोबर विकतचे खाद्य, औषध, वेतांतले अंतर आणि तिच्या आयुष्यातली एकूण वेते धरली पाहिजेत. या हिशेबात काही ठिकाणी संकरित गायच सरस ठरेल आणि तिथे ती खुशाल असावी. पण तो निकाल त्या-त्या गोठ्यात लागला पाहिजे. वळूंवरच्या एका कायद्याने तो सगळ्या राज्यासाठी एकदाच लावून टाकला, आणि शेकडो वर्षांत घडलेली जात पाव शतकात संपत आणली. पुन्हा कोणत्याही जनावराला ‘सुधारायला’ निघताना, ते ज्याच्या दारात उभे आहे त्याच्याजवळ चारा किती आणि जमीन किती, हे आधी विचारायला हवे.