उमेदवारी: एका शब्दाची आणि आपल्या पोरांची गोष्ट

दहावीचा निकाल लागला की ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न येतो. "पोराला कॉलेजात घालू, आयटीआयला टाकू, की मामूच्या गॅरेजमध्ये बसवू?" विचारणाऱ्या बापाला वाटते, हा प्रश्न आजचा आहे. खरे तर तो आपल्या समाजासमोर दीडशे वर्षांपासून उभा आहे.

त्याआधी हा प्रश्न नव्हता, कारण उत्तर आडनावातच असायचे. अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, पिंजारी, शिकलगार, मोमीन. महाराष्ट्रातल्या मुसलमानांची ही आडनावे म्हणजे धंद्यांची यादीच आहे. पिंजाऱ्याचा मुलगा कापूस पिंजायला शिके, शिकलगाराचा मुलगा हत्यारांना धार लावायला. घरी बाप उस्ताद, नाहीतर बाहेरचा कोणी उस्ताद, आणि मुलगा शागीर्द. हाताच्या कामाला आपल्याकडे कमीपणा नव्हता. हजरत दाऊद लोखंडाचे काम करीत आणि हजरत जकरिया सुतार होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

मराठीत या शिकण्याला 'उमेदवारी' म्हणतात. शब्द फारसीतून आला: उमेद बाळगणारा तो उमेदवार. पूर्वी दफ्तरात नेमणुकीच्या आशेने बिनपगारी राबणारा पोरगाही उमेदवारच असे. आज निवडणुकीमुळे या शब्दाचा अर्थ बदलला आहे, पण सरकारी कागदावर 'शिकाऊ उमेदवार' अजून टिकून आहे.

या पद्धतीचे बळ मोठे होते. १८५७ नंतर उत्तरेतले मोमीन विणकर घरदार सोडून मालेगाव-भिवंडीकडे आले. सोबत जमीन नव्हती, सनद नव्हती, पण हातात कसब होते. त्या कसबावर गावे उभी राहिली. पण पद्धतीत खोटही होती. मुलाला बापाचाच धंदा मिळे आणि काय येते याचा कागद कुठेच नसे. कापूस पिंजायला यंत्र आले, गिरणीचे कापड आले, तेव्हा धंद्याबरोबर घरेही बसली. दुसरी वाट कोणी दाखवलीच नव्हती.

दुसरी वाट त्याच १८५७ साली उघडली होती. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि नोकरी, वकिली, न्यायालय यांचे दार पदवीच्या कागदाने उघडू लागले. आपला समाज या दाराशी उशिरा पोचला. जे लवकर पोचले त्यांत तय्यबजी घराणे होते. खंबायतहून आलेल्या तय्यब अली या बोहरा व्यापाऱ्याने मुलांना विलायतेला पाठवले. बदरुद्दीन तय्यबजी १८६७ साली बॅरिस्टर झाले, १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष आणि पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्यांचे थोरले भाऊ कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. त्या काळी सॉलिसिटर व्हायचे तर मुरलेल्या सॉलिसिटरच्या कचेरीत करारावर काही वर्षे राबावे लागे. म्हणजे कायद्यासारख्या प्रतिष्ठेच्या पेशातही उमेदवारी होतीच. फरक एवढाच, की ती लिहिलेली होती आणि शेवटी तिचा कागद मिळत होता.

१८७४ साली या दोघा भावांनी नाखुदा महंमद अली रोगे यांच्यासारख्या सहकाऱ्यांना घेऊन मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. १८८० साली तिची शाळा सुरू झाली. पण अंजुमन पुस्तकी शिक्षणापाशी थांबली नाही. १९३६ साली भायखळ्यात तिची साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. समाजाच्या सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एकीने पाटी आणि हत्यार यांत निवड केली नाही. दोन्ही ठेवले. ही गोष्ट आपण विसरलो.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही कसबाला कागद दिला. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आपली मुले मात्र बहुतांशी गॅरेजात, लूमवर, जरीच्या कारखान्यात जुन्याच पद्धतीने शिकत राहिली. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात त्याचे फळ दिसते: वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी किंवा पदविका असलेले चार टक्क्यांहून कमी, आणि काम करणाऱ्यांत स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगणारे निम्म्याहून जास्त. घरी बसून शिवणटिपण करणाऱ्या मुलींचे कसब तर कसब म्हणून कोणी मोजतही नाही.

दहा वर्षे इंजिन उघडणारा मुलगा कंपनीच्या दारात अडाणी ठरतो, तो हात कच्चा म्हणून नव्हे. त्याची उमेदवारी कुठे लिहिलेली नाही म्हणून.

तेव्हा बापाला माझे उत्तर असे. मुलाला पुस्तकात गोडी असेल तर कर्ज झाले तरी कॉलेजात घाला. हातात गोडी असेल तर मामूच्या गॅरेजआधी आयटीआय. बहुतेक ट्रेड एक किंवा दोन वर्षांचे असतात. नंतर कारखान्यात नोंदणी करून उमेदवारी करता येते, कायद्याने विद्यावेतन मिळते, शेवटी प्रमाणपत्र मिळते. आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याची सोय आहे. म्हणजे आज हत्यार धरले तरी उद्या विद्यापीठाचे दार बंद होत नाही.

आणि घरची अडचणच अशी असेल की पोराला आजच कामावर पाठवावे लागेल, तर पाठवा. पण मामूला एवढे सांगा की संध्याकाळी त्याला बाहेरून बारावीला बसायला वेळ दे. शागीर्द पुढे जावा ही उस्तादाची जबाबदारी आपल्याकडे जुनीच आहे.