दाराची कडी : कामकरी स्त्रियांच्या आडोशाची कथा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया उभ्या राहतात, किल्ले येतात, तह आणि राज्याभिषेक येतात. वाचकहो, आज मी तुमच्यापुढे एका कडीचा इतिहास मांडणार आहे. कडी म्हणजे साधी दाराची कडी, आतल्या बाजूने लावायची. तिच्यासाठी कोणी रणशिंग फुंकले नाही, की कोणी पोवाडा रचला नाही. पण घराबाहेर कामाला जाणाऱ्या बाईसाठी ती दाराला बसवली जावी म्हणून कितीतरी वर्षे खर्ची पडली आहेत. आणि पुष्कळ दारांना ती अजूनही बसलेली नाही.

बाईला कामाच्या जागी लुगडे बदलायला, हातपाय धुवायला, देहधर्म उरकायला आडोसा हवा, ही गोष्ट कोणाला अमान्य आहे? कोणालाच नाही. पण गंमत अशी की, ज्या गोष्टीला कोणाचाच विरोध नसतो ती आपोआप होते असे मुळीच नाही. उलट ती मागे पडते. "करू की, त्यात काय एवढे!" असे म्हणत वर्षे निघून जातात.

आधी आपल्या जुन्या खेड्याकडे पाहू. शेतात राबणाऱ्या बाईला भिंतीचा आडोसा कधीच नव्हता. तिने आपला आडोसा दोन गोष्टींनी उभा केला होता: वेळ आणि सोबत. पहाटे तांबडे फुटण्यापूर्वी, नाहीतर दिवेलागणीनंतर, चारचौघींनी मिळून जायचे. दिवसा बांधाआड, ज्वारीच्या ताटांआड एकीने दुसरीची राखण करायची. ही सोय चांगली होती असे मी म्हणत नाही. त्यात हाल होते, भीती होती, सापकिरडू होते, आणि दिवसभर पोट आवळून राहण्याने जडणारी दुखणी होती. पण वेळ थोडीफार तिच्या हाती होती.

गिरणी आली आणि ही वेळच हातातून गेली. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. पुढे ताडदेवपासून परळ-लालबागपर्यंत धुराडीच धुराडी उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर अशा जिल्ह्यांतून माणसे पोटासाठी मुंबईला आली आणि त्यांच्याबरोबर बायकाही आल्या. त्या मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत, म्हणजे सूत उकलण्या-गुंडाळण्याच्या कामावर असत. त्यांच्यावर देखरेख करणारी ती नायकीण. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरणी-कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. हे काही थोडेथोडके मनुष्यबळ नव्हे.

आता असे पाहा, गिरणीचा दिवस भोंग्याने चालतो. तांबडे फुटण्याशी किंवा दिवेलागणीशी त्याला काही कर्तव्य नसते. भोवती हजार-दोन हजार पुरुष. अंगावर, केसांत कापसाचे तूस. घरी जावे तर चाळीत एकच खोली, त्यात सारे बिऱ्हाड आणि वर एखादा पाहुणा. नळ आणि संडास सगळ्या मजल्याला मिळून. म्हणजे घरी आडोसा नाही आणि कामावरही नाही. महिन्याच्या त्या चार दिवसांत, किंवा बाळंतपण जवळ आले असताना, या बाईचे काय होत असेल याची कल्पना आपणच करावी.

कायद्याने याकडे केव्हा लक्ष दिले? आपल्या देशातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्यात लहान मुलांचा विचार होता. प्रौढ बाईच्या कामाच्या तासांबद्दल अक्षर नव्हते. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या कामगारांना एकत्र केले. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्या मांडल्या. एप्रिल १८९० मध्ये त्यांनी भरवलेल्या मोठ्या सभेत दोन कामकरी बायका उभ्या राहिल्या आणि बोलल्या. त्या काळी हजारो पुरुषांच्या सभेत गरीब बाईने उभे राहून बोलणे ही केवढी धीराची गोष्ट! १८९१ च्या कायद्याने बायकांचे काम दिवसाला ११ तासांवर आणले आणि मध्ये दीड तासाची सुटी दिली. म्हणजे विश्रांतीला वेळ मिळाली. पण ती वेळ घालवायची कुठे? जागेचा प्रश्न तसाच राहिला.

परदेशातही हीच रड होती बरे का. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८७ मध्ये कारखान्यांत स्त्रियांसाठी वेगळ्या शौचगृहाची सक्ती केली. इंग्लंडात १८९३ साली पहिल्या दोन स्त्रिया फॅक्टरी-इन्स्पेक्टर म्हणून नेमल्या गेल्या. का? कारण उघड आहे. पुरुष इन्स्पेक्टर येऊन "काही तक्रार आहे का?" असे विचारू लागला, तर बाई पगाराबद्दल बोलेल, तासांबद्दल बोलेल, पण संडासाला दार नाही हे ती त्याला कसे सांगणार? लाजेने तोंड मिटायचे, आणि तोंड मिटले म्हणून तक्रार नाही असे कागदावर लिहिले जायचे. पुढे १९१४ च्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत तिथल्या लाखो बायका कामाला लागल्या. स्फोटक पदार्थांजवळ जाताना अंगावर धातूची टाचणीसुद्धा चालत नसे, म्हणून घरचे कपडे उतरवून कारखान्याचे कपडे घालावे लागत. तेव्हा मालकांना आणि सरकारला कपडे बदलण्याच्या स्वतंत्र खोल्यांचा विचार करावाच लागला. १९१६ च्या एका कायद्याने कपडे ठेवण्याची आणि धुण्याची सोय करण्यास मालकांना भाग पाडण्याचा अधिकार सरकारला मिळाला. युद्ध अडले तेव्हा बाईची अडचण दिसली, असेच म्हणायचे!

आपल्याकडे १९२९ मध्ये मजुरांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी व्हिटले कमिशन नेमले गेले. नारायण मल्हार जोशी हे त्याचे एक सभासद होते. १९३१ मध्ये अहवाल आला. स्त्री-इन्स्पेक्टर नेमाव्यात, ही गोष्ट या कमिशननेही सुचवली. त्यानंतर १९३४ च्या कायद्यात पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळी शौचगृहे असावीत, असे आले. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरी कायदा झाला आणि १ एप्रिल १९४९ पासून तो लागू झाला. त्यात ही गोष्ट अधिक नेटकेपणाने आली. कलम १९ मध्ये वेगळी आणि बंदिस्त शौचगृहे, कलम ४२ मध्ये धुण्याची वेगळी आणि आडोसा केलेली जागा, आणि कलम ४३ मध्ये कामाच्या वेळी न वापरायचे कपडे ठेवण्या-वाळवण्याच्या जागेची तजवीज होती. १९५२ च्या खाण-कायद्यानेही खाणीच्या तोंडाशी स्नानगृहे व कपाटांच्या खोल्या, आणि जिथे स्त्रिया कामावर असतील तिथे त्यांच्यासाठी तशाच पण स्वतंत्र, असे नियम करण्याची सोय ठेवली.

या कायद्याखाली राज्यांनी जे नियम केले, ते शिक्षकांनी तर मुद्दाम लक्षात ठेवावेत असे होते. दर २५ स्त्रियांमागे किमान एक शौचगृह. त्यावर छप्पर, मध्ये आडभिंत, नीट दार आणि दाराला कडी. धुण्याची जागा अशी बांधायची की, जिथे पुरुष काम करतात किंवा जिथून ये-जा करतात तिथून आतले काही दिसू नये. बाहेर "फक्त स्त्रियांसाठी" अशी पाटी, तीही बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत. आणि पाटीबरोबर बाईचे चित्र. चित्र कशाला? कारण ज्या बाईसाठी ही सोय, तिला अक्षरओळख असेलच असे नव्हते. नियम लिहिणाऱ्याने त्या निरक्षर बाईचा विचार केला. कायद्याच्या कोरड्या पानावर एवढा ओलावा क्वचितच सापडतो.

इथे कोणी विचारील, "अहो, स्त्री-पुरुष समान म्हणता आणि बाईला वेगळी खोलीही मागता, हे कसे?" प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर त्या कडीतच आहे. कडी दोन बाजूंनी लावता येते. बाहेरून लावली तर तो कोंडवाडा. आतून लावली तर तो हक्क. १८९१ पासूनच्या कायद्यांत आडोशाच्या बरोबरीने दुसरीही एक गोष्ट होती: बायकांना रात्रपाळीची बंदी. काही ठिकाणी सूट असे, पण मूळ धोरण ते. हेतू संरक्षणाचा होता, पण ती कडी बाहेरून लावलेली होती. गिरण्या रात्रंदिवस तीन पाळ्यांत चालू लागल्या, रिळिंग-वाइंडिंगमध्ये वेगवान यंत्रे आली, आणि ज्यांच्यासाठी पाळणाघर, बाळंतपणाचा भत्ता, वेगळी शौचगृहे असा खर्च करायचा त्या बायका मालकांना महाग वाटू लागल्या. हळूहळू बायका कमी झाल्या. १९८२ चा मोठा संप झाला तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत बाई फार थोडी उरली होती. कागदावर खोली होती, पण त्या खोलीत जाणारी बाईच फाटकाबाहेर गेली. हक्काचा खर्च हक्क मागणाऱ्याच्याच माथी बसला, तर असे होते.

आता फाटकाबाहेर आलोच आहोत, तर आपल्या उसाच्या फडाकडे वळू. महाराष्ट्रात साखर कारखाना हा कायद्याने कारखाना. त्याच्या भिंतीच्या आत शौचगृह, पाणी, पाटी सारे नियमाने आले. पण त्या कारखान्याला ऊस पुरवणारी बाई फडात असते आणि फड म्हणजे काही कारखाना नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली, म्हणून खाडा परवडत नाही. राहायला कोपी, अंघोळीला चार काठ्यांना गुंडाळलेले लुगडे, आणि तेही उजाडण्यापूर्वी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे उघड झाले, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्या प्रकाराची कारणे अनेक आहेत: दारिद्र्य, लहान वयातली लग्ने, अडाणीपणाचा फायदा घेणारा सल्ला. पण स्वच्छ पाणी आणि बंद दार नसल्याने जडणारी दुखणी हे त्यातले एक मोठे कारण आहे. कडी नसली की काय मोल द्यावे लागते, ते इथे दिसते.

अलीकडच्या काळात कायदा काही पावले पुढे गेला आहे. १९९७ मध्ये विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या जागी स्त्रीच्या सन्मानाचे नियम घालून दिले, आणि २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच वर्षी चोरून पाहणे, चोरून चित्रण करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. हे आवश्यकच होते. कारण आता भिंतीला भोक पाडावे लागत नाही, नखाएवढा कॅमेरा पुरतो. कडी लावूनही निर्धास्त राहता येत नाही, असा हा नवा काळ. २०२० मध्ये संसदेने जुने कामगार कायदे एकत्र करून नव्या संहिता केल्या व २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या. त्यांतल्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत पुरुष, स्त्रिया आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र स्नानगृहे व कपाटांच्या खोल्या यांची तरतूद आहे. स्त्रियांना रात्रपाळीही मोकळी झाली आहे. मात्र तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची व्यवस्था हवी. म्हणजे बाहेरची कडी निघाली. आतली कडी घट्ट बसते की नाही, हे आता पाहायचे आहे.

ते पाहणार कोण? इन्स्पेक्टर प्रत्येक गावी रोज येणार नाही. म्हणून, वाचकहो, हे काम तुमच्या-माझ्याकडे येते. गुरुजी, बाई, तुमच्या शाळेपासूनच आरंभ करा. २००९ च्या शिक्षण-हक्क कायद्याने शाळेत मुलामुलींसाठी वेगळी शौचगृहे सांगितली आहेत. ती नुसती बांधलेली आहेत की उघडी आहेत? किल्ली कोणाकडे असते? पाणी येते का? आणि शिकवणाऱ्या बाईंची सोय काय? मग ग्रामपंचायतीत, दवाखान्यात, बाजार समितीच्या आवारात, गावाजवळ टोळी उतरते त्या फडाशी हेच प्रश्न घेऊन जा. ग्रामसभेत बोला. आणि बायकांनी हा प्रश्न काढला, तर पुरुषांनी माना खाली घालून हसू नये; एवढे केले तरी अर्धे काम होईल.

मोजायला फार शिक्षण लागत नाही. दार आहे का, पाणी आहे का, उजेड आहे का, आणि कडी आतून लागते का. चार प्रश्न. ज्या गावात या चारींचे उत्तर "हो" असे येते, त्या गावची लेक शाळा सोडत नाही, आणि कामाला गेलेली बाई दिवसभर तहान मारत नाही.