बाटलीवर काय छापले होते

18 नोव्हेंबर 1989 ही तारीख पक्की आहे. त्या दिवसापासून अमेरिकेत विकण्यासाठी भरल्या जाणाऱ्या मद्याच्या प्रत्येक बाटलीवर सरकारी इशारा छापणे सक्तीचे झाले. त्यातला पहिलाच मुद्दा गरोदर स्त्रियांसाठी होता: बाळात जन्मदोष येण्याचा धोका असल्याने मद्य घेऊ नये. आयात मालही या कायद्यातून सुटला नव्हता.

इथे जुन्नर तालुक्याचा संबंध येतो. नारायणगावला शामराव चौगुले यांनी 1980च्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळती वाइन करायला सुरुवात केली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी जाई. म्हणजे त्या तारखेनंतर अमेरिकेसाठी भरलेल्या नारायणगावच्या बाटलीवर पोटातल्या बाळाविषयीचे वाक्य असायला हवे. हे अनुमान आहे. आधार कायद्याचा, बाटलीचा नव्हे. आपल्याकडचा पुरावा मात्र थेट मिळतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यविषयक नियम 2018चे, अंमल 1 एप्रिल 2019पासून. त्यांनी ठरवून दिलेला इशारा सांगतो की मद्यपान आरोग्यास अपायकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नये. गर्भाचा उल्लेख त्यात नाही. यात कारखानदाराला दोष देता येत नाही. कायद्याने मागितले तेवढेच छापले जाते.

मग माहितीच उशिरा आली होती का? एक जुना साक्षीदार घरचाच आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात, नेहमी मद्य पिणाऱ्या गर्भिणीचे मूल सतत तहानलेले, अल्प स्मृतीचे आणि अस्थिर चित्ताचे होते, असे म्हटले आहे. दृढबलाने भर घातलेले अध्याय चिकित्सा, कल्प आणि सिद्धी या स्थानांतले; हा त्यांत मोडत नाही. वाचताना मन हरखते, पण लगेच सावरावे लागते. त्याच यादीत भांडखोर आईच्या मुलाला अपस्मार होतो, असेही आहे. तेव्हा ही नोंद लक्षवेधी खरी, सिद्ध पुरावा नव्हे.

मोजदाद सापडते ती 1899मध्ये. लिव्हरपूलच्या तुरुंगातील डॉक्टर विल्यम सुलिव्हन यांनी 120 मद्यासक्त स्त्रियांच्या 600 अपत्यांचा हिशोब मांडला. त्यांपैकी 335 मृत जन्मली किंवा दोन वर्षांच्या आत दगावली. मद्यासक्त नसलेल्या नातलग स्त्रियांच्या मुलांत हे प्रमाण निम्म्याहून कमी होते. गरिबीचा वाटा यातून वेगळा कसा काढायचा? सुलिव्हन यांनी आणखी एक गोष्ट टिपली: गरोदरपणी कैदेत राहिल्याने दारू सुटलेल्या काही स्त्रियांची मुले सुदृढ निपजली. माझ्या मते सगळ्या निबंधात वजनदार पुरावा हाच.

पुढे 1968मध्ये फ्रान्समधल्या नांत शहराचे पॉल लमॉइन यांनी 127 मुलांची निरीक्षणे फ्रेंचमध्ये छापली. फारसे कोणी पाहिले नाही. 1973मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये फक्त आठ मुले मांडली आणि जग जागे झाले. बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, खुंटलेली वाढ, मागे पडलेला मेंदू. दारू वारेतून बाळाच्या रक्तात उतरते, आणि ती पचवण्याजोगे त्याचे यकृत तयार झालेले नसते. सुरक्षित प्रमाण आजवर ठरलेले नाही. थोडक्यात, फ्रेंच तंत्र नारायणगावला पोचले तेव्हा फ्रेंच इशाराही छापून झाला होता.

आता गरोदरपणातल्या दारूचा माग काढत जुन्नर आणि शेजारच्या आंबेगावच्या घरांत शिरायचे तर साधन कोणते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 वर्षांवरील स्त्रियांत मद्य घेणाऱ्या 0.4 टक्के, पुरुषांत 13.9 टक्के. आकडा राज्याचा, सर्व स्त्रियांचा, आणि घरी आलेल्या अनोळखी माणसाला दिलेल्या उत्तरांचा. सासूच्या देखत ‘घेते’ म्हणणारी सून विरळाच. म्हणून मी तो किमान मर्यादा समजतो.

जन्मवजन हा दुसरा दुवा, पण दिशाभूल करणारा. भीमाशंकरच्या घाटमाथ्यावर अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ जन्मले तर त्यामागे रक्तक्षय, कुपोषण, कमी वयातले बाळंतपण, तंबाखूची मिश्री यांपैकी काहीही असू शकते. चेहऱ्यावरच्या खुणा अधिक बोलक्या, मात्र गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत दारू पोचली तरच उमटतात, आणि मूल मोठे होताना पुसट होत जातात. शाळेत मागे पडलेल्या मुलाच्या कागदांवरून मग काहीच सिद्ध होत नाही. उरते एकच नोंद, तपासणीच्या दिवशी आईला एकटीला विचारून लिहिलेली.