बोस्नियाचा लेखक कोणाचा?

एखादा लेखक कोणत्या राष्ट्राचा, हा प्रश्न आपणांस सहसा पडत नाही. भाषा कळली की उत्तर मिळाले असे आपण धरून चालतो. बोस्नियात तसे होत नाही. तेथील मुसलमान, ऑर्थोडॉक्स सर्ब आणि कॅथलिक क्रोएट यांची बोली जवळजवळ एकच. पण आज तिलाच बोस्नियन, सर्बियन आणि क्रोएशियन अशी तीन नावे आहेत.

इव्हो आंद्रिच याचेच पाहा. १८९२ साली त्राव्हनिकनजीक एका कॅथलिक कुटुंबात तो जन्मला, द्रीनाकाठच्या विशेग्रादला वाढला, आरंभी क्रोएट साहित्यिकांत वावरला आणि पुढे बेलग्रेडला राहून सर्बियन वळणाने लिहू लागला. १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा तो युगोस्लाव लेखक होता. ते राष्ट्र मोडल्यावर तिन्ही बाजूंनी त्याच्यावर हक्क सांगितला जाऊ लागला. शिवाय तुर्की अमदानीचे चित्र त्याने पक्षपाताने रंगविले, असा अनेक बोस्नियन मुसलमानांचा आक्षेप आहेच. मला तो पुरता पटत नाही. विशेग्रादचा पूल बांधविणारा वजीर मेहमेद पाशा सोकोलोविच हा त्याच मुलखातून लहानपणी नेलेला ख्रिस्ती मुलगा होता, आणि आंद्रिचची १९४५ची कादंबरी या गुंत्याला बगल देत नाही.

मेशा सेलिमोविच तुझ्लाच्या मुसलमान घराण्यातला. त्याच्या सख्ख्या भावाला १९४४ साली पार्टिझनांनी, म्हणजे ज्यांच्या बाजूने तो स्वतः लढला त्यांनीच, गोळी घातली. ते शल्य १९६६ साली ‘दरवेशी आणि मृत्यू’ या कादंबरीत उतरले. हाच लेखक १९७६ साली आपण सर्बियन साहित्याचे आहोत असे लेखी कळवितो!

त्याच १९६६ साली माक दिझदारचा ‘पाषाणनिद्रिस्त’ हा काव्यसंग्रह निघाला. त्याच्या स्तोलात्स गावाजवळ रादिम्ल्या येथे मध्ययुगीन थडग्यांचे प्रचंड दगड उभे आहेत. त्यांना स्तेचाक म्हणतात. त्यांवर हात उंचावलेली माणसे, हरणे, द्राक्षवेली कोरलेल्या आहेत. १४६३च्या तुर्की विजयापूर्वीच्या त्या बोस्नियात रोमला किंवा कॉन्स्टँटिनोपलला न जुमानणारे एक स्वतंत्र चर्चही होते. मात्र स्तेचाकांखाली सर्वच पंथांचे लोक निजले आहेत. मुसलमान घरातल्या दिझदारने त्यांना वाचा दिली, आणि ‘बोस्नियन’ या शब्दाला धर्माहून जुने मूळ मिळाले.

राजकारणाने मात्र नावे निराळी दिली. १९७१च्या जनगणनेत ‘मुस्लिम’ हे राष्ट्र म्हणून नोंदविता येऊ लागले. १९९३च्या सप्टेंबरात, युद्ध चालू असतानाच, सारायेव्होतील सभेने ‘बोश्न्याक’ हे जुने नाव स्वीकारले.

त्याआधी एक वर्ष, १९९२च्या ऑगस्टअखेरीस, सर्ब तोफांच्या माऱ्यात सारायेव्होचे राष्ट्रीय ग्रंथालय जळाले. त्यातील बहुतेक ग्रंथसंपदा नष्ट झाली. गोळे डागणाऱ्यांनी, कोणत्या कपाटात कोणाची पुस्तके आहेत हे पाहिले नव्हते. २०१४ साली ती इमारत दुरुस्त होऊन पुन्हा उघडली.