स्थानिक वेळ ते प्रमाणवेळ : उमरेडच्या संदर्भात घड्याळ-जुळणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकजालातील सर्व्हरचे घड्याळ मागेपुढे झाले, तर कोणता व्यवहार आधी झाला हेच संशयास्पद ठरते. हा प्रश्न केवळ तांत्रिक मानला जातो. तथापि त्याची मुळे रेल्वे व तारायंत्राच्या युगात आहेत. प्रस्तुत लेखात उमरेडच्या (जि. नागपूर) संदर्भात त्याचा आढावा घेतला आहे.

मद्रास वेळ व मुंबई वेळ :
एका रेखांशामागे सूर्यवेळेत चार मिनिटांचा फरक पडतो. उमरेड सुमारे ७९.३ अंश पूर्व रेखांशावर असल्याने त्याची सूर्यवेळ मद्रासपेक्षा जेमतेम चार मिनिटे मागे, तर मुंबईपेक्षा सुमारे २६ मिनिटे पुढे आहे. त्यामुळे रेल्वेने स्वीकारलेली मद्रास वेळ या भागातील सूर्याशी बव्हंशी जुळणारी होती. मुंबईला मात्र ती अर्ध्या तासाने परकी होती. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी ती मुंबईत लागू केली. परंतु लोकविरोधामुळे १८८३ मध्ये माघार घ्यावी लागली.

प्रमाणवेळेचा स्वीकार :
१ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावरील भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती उमरेडच्या सूर्यवेळेपेक्षा सुमारे १३ मिनिटे, तर मुंबई वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. गिरणी कामगारांच्या दृष्टीने याचा अर्थ सूर्याच्या हिशेबाने तितके आधी कामावर जाणे असा होता. त्यांनी विरोध केला. मुंबई महापालिकेने तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे मुंबई वेळ जपली.

संगणकयुगातील जुळणी :
डेव्हिड मिल्स यांच्या ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’चा पहिला मसुदा १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संदेश निघाल्याच्या व पोहोचल्याच्या चार नोंदींवरून घड्याळातील फरक काढला जातो. जाण्या-येण्याचा विलंब असमान असल्यास हिशेब चुकतो. म्हणून दोष शोधताना प्रथम संदर्भ-स्रोत, नंतर संदेशमार्ग, शेवटी स्थानिक घड्याळ व वेळक्षेत्राची मांडणी तपासणे इष्ट होय. अल्प फरक घड्याळाची गती किंचित बदलून हळूहळू भरून काढला जातो. फरक १,००० सेकंदांहून अधिक असल्यास या प्रोटोकॉलचा मूळ प्रोग्राम सामान्यतः दुरुस्ती नाकारून थांबतो आणि निर्णय माणसावर सोपवतो. मुंबईचा फरक २,३४० सेकंदांचा होता, हे येथे लक्षणीय आहे.

समारोप :
भारतीय प्रमाणवेळ आज नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा राखते. २८ एप्रिल २०२२ च्या ‘सर्ट-इन’च्या निर्देशांनी या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, घड्याळे जुळविणे संस्थांवर बंधनकारक केले. सारांश, घड्याळ जुळविणे म्हणजे कोणाची वेळ प्रमाण मानायची हे ठरविणे होय. हा बदल कोणाला किती सोसावा लागतो याचा विचार न केल्यास विरोध अटळ ठरतो, हेच मुंबईच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.